चालायचंच

भगवंताला शुगर निघाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की पेठ गावात धडधाकट माणसाला चालायची सोय नाही. रस्ते रग्गड आहेत. गावाला पायी चालणारा माणूस मात्र बघवत नाही.

शुगर काढली मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी. वयानं भगवंताच्या लेकीएवढ्या, पण बोलणं सासूसारखं. कागद बघितला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "काका, काम काय करता?"

"भुईकाट्यावर असतो. ट्रक-टेम्पोचं वजन करायचं."

"उभं राहून?"

"छ्या. खुर्ची हाय की."

"आणि घरी?"

"घरी दूध काढायचं, गाडीवर डेअरीला घालायचं, गाडीवर मंचरला यायचं, गाडीवर घरी जायचं."

"मग चालता कधी?"

भगवंतानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "वडलांना पोचवायला गेलो व्हतो, तवा चाललो व्हतो."

"त्यांना काय झालं होतं?"

"शुगरच. आधी पाय गेला, गुडघ्याखालून. मग ऱ्हायलेला माणूस गेला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मी वेगळं काय सांगू? गोळ्या देते. पण गोळ्यांनी निम्मंच काम होतं, तुम्हाला आता चालायचंच आहे. दोन महिन्यांनी परत तपासू. आकडा उतरला नाही तर इंजेक्शन. आणि रोज पायाचे तळवे बघत जा. वडिलांचं बघितलंय ना तुम्ही?"

"येळ कुठाय मॅडम?"

"वेगळा वेळ काढूच नका. रोजच्या कामातच बसवा. डेअरीला पायी जा. फोन आला की उठा, फिरत बोला."

भगवंताची बायको शीला शेजारी बसून हे सगळं मान हलवत ऐकत होती. परतताना गाडीवर मागून एकच म्हणाली, "सोपं हाय की."  भगवंताच्या डोळ्यांपुढं बापाचा पाय होता. पाय म्हणजे, पाय असायचा ती जागा. शेवटचं वर्षभर त्यानं आणि थोरल्या गोरखनं हाताचं कडं करून म्हाताऱ्याला मोरीत नेलं होतं, उन्हात नेलं होतं. म्हातारा खत्रूड. म्हणायचा, "चौघांचं काम दोघंच करताय. करा, सराव व्हतोय." मेला तेव्हा चौघं मिळाले. पण ज्या दोघांनी सराव केला होता ते वर्षाच्या आत एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

कारण काय, तर बांध. दोघांची घरं मळ्यातच, बांधाच्या अल्याड-पल्याड, अगदी हाकेवर. एका पावसाळ्यात नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, कुणाच्या रानात सरकलं, यावरून शब्दाला शब्द लागला. गोरखनं तार ओढली. भगवंतानं तारेला बाभळीच्या फांद्या लावल्या. तेव्हापासून धाकट्याच्या अंगणातून थोरल्याच्या अंगणातली खाट दिसायची, पण तिथं जायचं तर गाडीवाटेनं डांबरीला लागा, डेअरीवरून पुढं जा आणि पलीकडच्या वाटेनं परत खाली उतरा. जायचं कुणाला होतं म्हणा.

तर चालणं. पहाटे निघावं तर शीला दारात आडवी. सगळीकडं ऊस उभा, आणि त्यात बिबट्या. वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगून गेली होती, अंधारात एकटं फिरू नका. "शुगरनं जायाला येळ लागंल. त्यो लगीच नेतोय," शीला म्हणाली. सूर्य चांगला वर आल्यावर भगवंत दुधाची किटली हातात घेऊन निघाला. पन्नास पावलं गेला असेल नसेल, मागून गाडी येऊन थांबली.

"बसा भाऊ."

"नगं. चालतोय."

"गाडीला काय झालं?"

"काय न्हाई."

"पेट्रोल संपलं?"

"न्हाई रं बाबा."

गाडीवाल्यानं गाडी बंद केली. मग आवाज उतरवून म्हणाला, "घरात काय झालं का?"

शुगरचं सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण भगवंताला ते नको होतं. शुगर म्हटलं की गावाला त्याच्या बापाचा पाय आठवणार, आणि लोक त्याच्याशी बोलताना खाली बघणार. म्हणून तो गुळमुळीत काहीतरी म्हणाला. दुसरी गाडी थांबली, तिसरी थांबली. तिसरा तर रागावला. "आमच्या गाडीवं बसाय लाज वाटती का? म्हागं तुमच्या बापाला ह्याच गाडीवं दवाखान्यात नेला व्हता." यावर माणूस काय करणार? भगवंत बसला. आठवडाभर तो रोज चालायला निघाला आणि रोज कुणाच्या तरी मागं बसून डेअरीत पोचला. चालण्यापेक्षा उतरण्याचाच व्यायाम जास्त झाला.

मग त्यानं ठरवलं, की गावात जमत नसेल तर कामावर चालावं. पण भुईकाट्याच्या आवारात एकीकडं चिखल, दुसरीकडं डिझेल, तिसरीकडं कांद्याच्या पिशव्या. सरळ, स्वच्छ आणि लांब अशी जागा एकच, खुद्द काट्याचा लोखंडी पाटा. गाडी नसेल तेव्हा त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत छान फेऱ्या मारता यायच्या. भगवंताला बरं वाटू लागलं. फोन आला की तो सवयीनं उठायचा आणि बोलत बोलत पाट्यावर जायचा.

सवय वाईट. कांद्याचा हंगाम, टेम्पोंची रांग. भरलेला टेम्पो पाट्यावर चढला, भगवंतानं आकडा स्थिरावायला सोडला आणि तेवढ्यात शीलाचा फोन आला, गाईनं दूध कमी दिल्याचा. हा बोलत बाहेर, पाट्यावर. केबिनमध्ये मालक भागूशेठ बसलेले, त्यांनी बटण दाबून पावती काढली. त्या पावतीत कांद्याबरोबर भगवंतही मोजला गेला. रिकाम्या टेम्पोच्या वेळी तो खुर्चीतच होता. कांदा भरला पोतंभर जास्त. पुढच्या गाडीला उलटं झालं. भरलेली मोजताना हा आत, रिकामी मोजताना हा पाट्यावर. त्या शेतकऱ्याचा पोतंभर कांदा हवेत विरला.

चार दिवस हे असंच चाललं. काट्याचं नाव खराब व्हायला लागलं. कुणी म्हणालं यंत्रात बिघाड, कुणी म्हणालं शेठच्या नियतीत. शेवटी एक व्यापारी केबिनमध्ये आकड्यासमोर ठाण मांडून बसला. आकडा चढला. उतरला. परत चढला. त्यानं मान वाकडी करून खिडकीतून बघितलं, तर भगवंत कानाला फोन लावून पाट्यावर चढत-उतरत टेम्पोच्या कडेनं येरझाऱ्या घालतोय.

पुढचा अर्धा तास लिहिण्यासारखा नाही. सगळे गेल्यावर भागूशेठ बाहेर आले. ते कधी आवाज चढवत नसत, तेच जास्त वाईट.

"भगवंतराव, तुमी चालते व्हा."

"त्येच तर चाललंय शेठ," भगवंत म्हणाला. त्याला वाटलं, एक तरी माणूस आपल्या बाजूचा निघाला.

"इथनं चालते व्हा. आठ दिवस येऊ नका. लोकांना जरा इसरू द्या."

असा भगवंत भर हंगामात घरी बसला. बाहेर पडावं तर "आज कामावर न्हाई?" म्हणून चार गाड्या थांबणार. म्हणून तो ओसरीवरच्या खाटेवर पडून छताकडं बघत राहिला. त्याला खात्री वाटायला लागली, की आपल्या घराण्याचा पायच असा, चालवायला जावं तर तो घात करतो.

आणि अशातच पिंपरी पेंढारहून धोंडाबाईचा फोन आला. ही दोघा भावांची थोरली बहीण. कानानं थोडी कमी, मायेनं थोडी जास्त. शीला गोठ्यात होती. फोन खांद्यात धरून तिनं धार काढता काढता बोलणं सुरू केलं.

"भगवंता घरी हाय म्हणं? का गं?"

"शेठनी सांगितलं, घरीच ऱ्हावा म्हणून. शुगर निघालीय वन्सं. लई वाढलीय."

"आगं बया. मग डाक्टर काय म्हणले?"

"म्हणले, आता चालायचंच."

धोंडाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आसं तोंडावं म्हणले?"

"व्हय. गोळ्या दिल्यात, पर गोळ्यांनी काय सगळं व्हत न्हाई म्हणले. आता चालायचंच. दुसरा इलाज न्हाई."

"भगवंताला ठावं हाय?"

"त्येंच्या म्होरंच सांगितलं की."

"मग त्यो काय म्हणला?"

"काय म्हणत्यात. येळ कुठाय, म्हणले."

धोंडाबाईनं फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मराठी मुलखात "चालायचंच" हा शब्द माणूस दोन ठिकाणी वापरतो. एक डॉक्टरकडून आल्यावर आणि एक मयतीच्या घरी. धोंडाबाईचं निम्मं आयुष्य मयतीच्या घरी गेलेलं. तिनं तिचाच अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी राहिली. धोंडाबाई उतरली ती सरळ खाटेपाशी आली आणि भगवंताच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "ऊठू नगंस. पडून ऱ्हा." दुपारपर्यंत सासुरवाडीची माणसं आली. संध्याकाळी बापाची बहीण, मावळण, आली. कुणी केळी आणली, कुणी शहाळी आणली, बिस्किटांचे पुडे तर कपाटात मावेनात. प्रत्येकासाठी चहा टाकायचा, आणि पाव्हण्याबरोबर घरधन्यानं घेतला नाही तर पाव्हणा कप खाली ठेवतो. भगवंताला दिवसातून दहाबारा वेळा चहा झाला. साखर घालू नकोस असं तो शीलाला सांगायला गेला, तर धोंडाबाई म्हणाली, "असू दे गं. आता कशाला त्येचं त्वांड मारतीस? घाल दोन चमचे जास्त." शीलाला हे चमत्कारिक वाटलं, पण थोरल्या नणंदेपुढं बोलायचं कसं?

तो जरा उठून अंगणात निघाला की चार हात धरायचे. "कुठं निघालाय?"

"जरा चालतो."

"चालशील, चालशील. पड आदी."

खाटेभोवती बसून लोक बोलायचे ते मेलेल्यांविषयी. कुणाचं कसं अचानक झालं, कुणाचं कसं लांबलं. लांबलं ते वाईट, यावर सगळ्यांचं एकमत होतं. उठताना प्रत्येकजण भगवंताच्या पायावर हात ठेवून एक सुस्कारा सोडायचा. "चालायचंच, राव. त्याच्याम्होरं कुणाचं चालतंय?"

पहिले दोन दिवस भगवंताला हे लोक आपल्या शुगरला भलतंच मनावर घेतायत असं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याला भीती वाटली. इतकी माणसं उगाच येत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी शीलाला एकटीला काही सांगितलं असेल का? त्यानं तिला हळूच बोलावलं.

"तुला येगळं काय म्हणल्या व्हत्या का डाक्टरीणबाई? माझ्या म्हागारी?"

"न्हाई वो."

"खरं सांग."

"न्हाई म्हणती ना."

ती खरंच बोलत होती, पण बोलताना तिचे डोळे भरले. कारण तीही तीन दिवस हे रडकं गोकुळ बघत होती. तिला वाटायला लागलं होतं, की यांना सगळ्यांना काहीतरी कळलंय आणि आपल्यालाच कुणी सांगत नाही. तिचे भरलेले डोळे भगवंतानं बघितले. संपलं म्हणायचं. तो भिंतीकडं तोंड करून पडला. बारीकशी इच्छा एवढीच राहिली होती, की जायचं तर दोन पायांवर जावं, बापासारखं अर्धवट जाऊ नये.

चौथ्या दिवशी दुपारी अंगणातली कुजबूज एकदम थांबली. भगवंतानं मान वळवली. दारात गोरख उभा होता.

घामानं निथळत होता. वाटेला त्याला कुणी गाडीवर बसवलं नसावं, किंवा यानंच कुणाला थांबू दिलं नसावं. दोन्ही त्याच्या स्वभावात बसणारं होतं. तो आत आला, कुणाकडं बघितलं नाही, खाटेच्या पायथ्याशी टेकला आणि काही न बोलता त्यानं भगवंताचा पाय मांडीवर ओढून घेतला. पोटरी दाबून बघितली. मग एकेक बोट फाकवून बघितलं. तळवा उजेडाकडं वळवला. बाप असताना दोघं रोज असंच करायचे.

"पाय तर बरा दिसतोय," गोरख म्हणाला. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते.

"बराच हाय दादा."

"मग डाक्टर का असं म्हणले?"

"कसं?"

"चालायचंच म्हणून."

"मग न चालून कसं भागंल? रोज चालायचं. आकडा उतरंस्तवर."

गोरखनं पाय मांडीवरच ठेवला आणि त्याच्याकडं बघितलं. "कशानं चालायचं?"

"कशानं म्हंजी? पायानं."

"म्हंजी तू मरत न्हाईस."

"बाई तरी तसं काय म्हणल्या न्हाईत," भगवंत म्हणाला. पण गेल्या दोन दिवसांत त्याचाही त्यावर विश्वास उरला नव्हता.

सगळी माणसं धोंडाबाईकडं बघायला लागली. धोंडाबाई शीलाकडं बघायला लागली. "तूच म्हणलीस की, चालायचंच."

"चालायचंच म्हंजी चालायचंच की वन्सं," शीला म्हणाली आणि मटकन खाली बसून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

आता खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण माणूस मरत नाही म्हटल्यावर पाव्हणे जरा नाराजच झाले. कांद्याची काढणी सोडून आलेली माणसं. मावळण म्हणाली, "आदी नीट सांगायचं तरी." सासुरवाडीच्या एकानं न फोडलेली शहाळी परत पिशवीत भरली. तासाभरात अंगण रिकामं झालं. धोंडाबाई तेवढी थांबली, पण तीही आत जाऊन झोपली. तीन दिवसांचं रडणं तिला बाधलं होतं.

गोरखही उठायला गेला, आणि अडला. खाटेची पट्टी धरून त्यानं परत जोर लावला. तेव्हा भगवंताचं लक्ष त्याच्या पायाकडं गेलं. डाव्या पायात बूट होता. कापडी, नवा, आणि भर उन्हाळ्यात आत मोजा.

"दादा, बूट काढ."

"कशाला?"

"काढ म्हणतो ना."

गोरखनं काढला नाही. भगवंतानंच खाली बसून काढला, मोजा ओढला. करंगळी नव्हती. शेजारचं बोटही नव्हतं. जागा भरून आली होती, पण इतक्या लांबच्या चालण्यानं कडेला लाल झाली होती.

"कधी?"

"दिवाळीच्या आदी."

"तुमी तर नाशकाला गेलता. लेकाकडं."

"तसं सांगितलं व्हतं लोकांना. पुण्याला दवाखान्यात व्हतो. ही आन मी."

भगवंताला ती दिवाळी आठवली. समोरचं अंगण पाच दिवस अंधारात होतं, पणती नाही, आकाशकंदील नाही. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. त्यानं शीलाकडून मुद्दाम तारेच्या बाजूला आणखी चार पणत्या लावून घेतल्या होत्या. आता आपल्या घरात चार दिवस माणूस मावत नव्हतं, आणि त्या घरात बोटं गेली तरी कुणी केळ्याची फणी घेऊन गेलं नव्हतं. भगवंताला स्वतःची इतकी लाज वाटली, की मोजा परत चढवताना त्यानं मान वर केली नाही.

"सांगायचं तरी दादा."

"कुणाला? तारंला?"

 भगवंतानं गाडी काढली आणि त्याला घरी पोचवलं. वहिनीनं, साळुबाईनं, दारातून बघितलं आणि चहाला टाकलं. "बिनसाखरेचा हाय," ती म्हणाली. "आमच्यात आता तसलाच असतो."

दुसऱ्या दिवसापासून भगवंताच्या चालण्याला वाट मिळाली. सकाळी ऊन वर आलं की किटली घेऊन निघायचं, डेअरीत दूध घालायचं, तसंच पुढं जाऊन पलीकडच्या वाटेनं गोरखकडं उतरायचं. गोरखला स्वतःचा तळवा दिसत नसे आणि साळुबाईची नजर अधू. भगवंत त्याचा पाय बघायचा, गोरख भगवंताचा. काही नवीन नाही असं एकमेकांना सांगायचं, बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि आलं त्या वाटेनं परत. आठ दिवस भरले, काम सुरू झालं, तसं संध्याकाळी कामावरून आल्यावरही उजेडात परत तेच. काट्यावर आता भागूशेठनी पाटी लावली होती, "पाट्यावर चालू नये", पण त्याचं भगवंताला काही वाटलं नाही.

गाड्या थांबायच्याच. "बसा भाऊ. कुठं निघालाय?"

"दादाकडं."

हे ऐकलं की गाडीवाला जरा गोंधळायचा. यांचं बोलणं नाही हे गावाला पाठ. भांडायला निघालेल्या माणसाला आपल्या गाडीवर कोण नेणार? तो घाईनं गिअर टाकायचा. भगवंताला रस्ता मोकळा मिळायचा.

महिन्यानं आकडा उतरला. फार नाही, पण डॉक्टरीणबाई इंजेक्शनचं बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कसं बसवलंत चालणं?" भगवंत म्हणाला, "बसलं आपोआप."

त्या संध्याकाळी गोरख अंगणात बसून तारेकडं बघत होता. पलीकडं भगवंताच्या गोठ्यात शीला वैरण टाकताना दिसत होती. कुत्र्यांनी एके ठिकाणी बाभळ ओढून भगदाड पाडलं होतं. माणूस वाकून सहज गेला असता.

"भगवंता, तार काढून टाकू का?" गोरख म्हणाला. त्याला हे बोलायला महिना लागला होता. "उगं एवढ्या लांबनं येतूस."

भगवंतानं भगदाड बघितलं, पलीकडचं आपलं घर बघितलं. इतकं जवळ होतं, की अंगावर काटा आला.

"नगं दादा. तार काढली की मी चालायचा न्हाई. मला मी ठाऊक हाय."

गोरखनं थोडा विचार केला. "मग ते भोक बी बुजवाय पायजे. एखांद्या दिशी पाय तिकडंच वळायचा."

भगवंतानं पक्कड आणली. गोरख खाट ओढून बांधापाशी बसला. एकानं तार ओढून धरायची, दुसऱ्यानं पिळायची. मग भगवंत बाभळीच्या दोन नव्या फांद्या तोडून घेऊन आला आणि भगदाडात घट्ट बसवल्या. हाताला काटे लागले तेव्हा दोघांनीही बापाच्याच शिव्या दिल्या.

वाटेवरून जाणारा डेअरीवाला गाडी बंद करून हे बघत उभा राहिला. दोघे सख्खे भाऊ, उतारवयात, दिवस मावळताना कुंपण पक्कं करतायत.

"अजून मिटलं न्हाई का राव तुमचं?"

"न्हाई," दोघे एकदम म्हणाले.

डेअरीवाल्यानं मान हलवली, गाडीला किक मारली.

"चालायचंच," तो म्हणाला आणि गेला.